समोर आणल्यास ओळखीन

वय अंदाजे २५ ते ३०, रंग सावळा, बांधा मध्यम, उंची साडेपाच फूट, अंगात शर्ट-पँट, भाषा मराठी व हिंदी. हे वर्णन घेऊन तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात उभे राहा. मेथीच्या ढिगामागे एक सापडेल, रसवंतीवर दोन, आणि शिक्रापूरकडे निघालेल्या वडापमध्ये तर आख्खी टोळी. फिर्यादीचं शेवटचं वाक्य मात्र ठाम असतं : ‘सदर इसमांना पुन्हा समोर आणल्यास मी ओळखीन.’

हे वाक्य फिर्यादी बोलतो की ठाण्यातला संगणक आपोआप उमटवतो, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

आता प्रसंग बघा. शेतातली वस्ती, रात्रीचे दोन, लाईट गेलेली. पाच-सहा जण, तोंडाला रुमाल, पुढच्याच्या हातात कोयता. सगळा कारभार दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत माणूस कुठं बघतो? कोयत्याकडे. शस्त्र समोर आलं की नजर शस्त्राला चिकटते आणि चेहरा निसटतो, हे मानसशास्त्रज्ञ प्रयोग करून दशकानुदशकं सांगत आलेत. आपल्या वस्तीवरच्या म्हातारीनं ते विनाप्रयोग सांगितलं असतं. कोयत्यांची ओळख परेड ठेवली, तर निकाल शंभर टक्के लागेल. माणसांची ठेवतात, तिथं गडबड होते.

आपल्या नजरेवर आपला विश्वास मात्र भारी. २०२४च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, आंबेगाव, जुन्नरकडं रात्रीच्या आकाशात ड्रोन दिसू लागले. लोक काठ्या घेऊन गच्चीवर जागले. किती होते, केवढे होते, कुठून आले, यावर शेजारच्या दोन वस्त्यांचं एकमत झालं नाही. उघड्या आकाशातल्या दिव्याबद्दल आमचं जमत नाही. रुमालामागच्या तोंडाबद्दल मात्र आम्ही शपथेवर सांगतो.

यात साक्षीदाराला खोटं पाडायचं नाही. तो बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, आणि खरी अडचण तीच आहे. खोटं बोलणारा उलटतपासणीत कुठंतरी अडखळतो. प्रामाणिकपणे चुकणारा अडखळतच नाही.

◆

कायद्याला हे ठाऊक आहे. म्हणून तर ओळख परेड. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ९, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७, या आधारावर ती उभी आहे. परेडमधली ओळख हा मूळ पुरावा मानला जात नाही; मूळ पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर दाखवलेलं बोट. पण कोर्टात बोट दाखवायला डोळे लागतातच असं नाही. पिंजऱ्यात उभा असतो तोच आरोपी, हे शिपायालाही कळतं. म्हणून त्याआधी, आठवण ताजी असताना, सारख्या दिसणाऱ्या माणसांत मिसळून विचारायचं : यात तो आहे का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत याची रीत लिहून ठेवली आहे, आणि ती वाचून कुणालाही बरं वाटेल. संशयित एक असेल तर सोबत किमान सहा माणसं. दोन असतील तर दहा-बारा. एका परेडमध्ये शक्यतो दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. सोबतची माणसं वयानं, अंगानं, चेहऱ्यामोहऱ्यानं मिळतीजुळती. संशयितानं आपली जागा स्वतः निवडायची. प्रत्येक साक्षीदारानंतर ती बदलायची मुभा, हवे तर कपडेही बदलावेत. दोन प्रतिष्ठित पंच. घेणारा न्यायदान न करणारा दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे बहुधा नायब तहसीलदार. आणि खोलीत पोलीस नकोत. साहेब नको, शिपाई नको, कुणी नको.

कागदावर काही म्हणता काही कमी नाही. आता कागद घेऊन रस्त्यावर या.

तळेगावची फिर्याद शिक्रापूरला. तहसील कचेरी शिरूरला. आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला की येरवड्याला. या तिघांची एका दिवशी गाठ घालून देणं म्हणजे नगर रस्त्यावर वाहतूक कोंडी नसलेला रविवार शोधणं. नायब तहसीलदारांना त्याच दिवशी पंचनामे असतात, निवडणुकीच्या याद्या असतात, मंत्र्यांचा दौरा असतो. परेड पुढं जाते. आठवडे जातात. आठवण तोवर थांबून राहत नाही.

डमींचं काय? सारखी दिसणारी सहा माणसं आणायची जबाबदारी कुणाची, तर ज्याला वेळ नाही त्याची. मग मिळतील ती येतात. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, १९९९ साली, सर्वोच्च न्यायालयानं ओळख परेड मानली नाही. परेड उशिरा झाली होती. शिवाय संशयिताला दाढी आणि लांब केस, आणि परेडमध्ये तसा दुसरा कुणी नव्हता. साक्षीदारानं चेहरा ओळखला की दाढी, हे सांगायला न्यायमूर्तीच हवेत असं नाही.

आणि पंच? प्रतिष्ठित आणि स्वतंत्र. ठाण्याच्या समोरच्या टपरीवर सदैव उपलब्ध असलेल्या माणसाइतका स्वतंत्र माणूस तालुक्यात दुसरा नाही. त्याला कामच नसतं.

◆

पण हे सगळं किरकोळ. मोठा घोळ परेडच्या आधीच झालेला असतो.

टोळी पकडली की ‘गुन्ह्याची उकल’ होते. उकल झाली की फोटो निघतो. आरोपी जमिनीवर बसलेले, मागं साहेब आणि पथक उभं, पुढं मुद्देमाल : तीन मोटारसायकली, एक पाण्याची मोटर, रोहित्रातली तांब्याची तार. चेहऱ्यावर काळे बुरखे चढवले म्हणजे नियम पाळला. अंगावरचा शर्ट, बांधा, हात, चप्पल सगळं तसंच उघडं. आणि बुरखे चढवण्याआधीचा फोटो तोवर ‘आपलं गाव आपली माणसं’छाप ग्रुपवर पोचलेला असतो. फिर्यादीच्या मोबाईलवर तो तीन जणांनी पाठवलेला असतो. एकानं खाली लिहिलेलं असतं : हाच का तो भाऊ?

मग पंधरा दिवसांनी भाऊ येरवड्यात जातात आणि सात जणांतून नेमका तोच काढून दाखवतात. साक्षीदार खरं सांगतोय. त्यानं तो चेहरा पाहिलाच आहे. कुठं पाहिला, एवढाच प्रश्न आहे, आणि तो परेडच्या छापील नमुन्यात नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाच उत्तर ठाऊक, तोच वर्गात पर्यवेक्षक, आदल्या रात्री गाईडचं पान फुटलेलं, आणि निकाल लागल्यावर तोच पेढे वाटणार. अशी दहावीची परीक्षा झाली तर आपण रास्ता रोको करतो. ओळख परेड झाली तर ‘पोलिसांचे कौतुक’ म्हणून बातमी येते. खरं तर या परीक्षेला साक्षीदार बसलेलाच नसतो. परीक्षा पोलिसांची असते : तुम्ही धरलेला माणूस बरोबर आहे का? साक्षीदार नुसता तपासनीस. त्यानं ‘चूक’ असा शेरा मारला, तर काय करायचं?

याचं उत्तर नाशिककडून घ्या.

◆

जून २००३. नाशिक जिल्ह्यातली शेतातली एक वस्ती. दरोडेखोर आले, बलात्कार झाला, पाच माणसं मारली गेली. घरातली आई जबर जखमी झाली, पण वाचली. तिच्यासारखी साक्षीदार दुसरी असणार नाही. घटनेनंतर दोनच दिवसांत तिला पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले. तिनं त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं.

त्या चौघांचं काय झालं? काहीच नाही. त्यांना धरलं नाही, त्यांचा तपास झाला नाही. धरले दुसरेच सहा जण : भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे, गरीब. नंतर त्या सहा जणांच्या बाबतीत साक्षीदाराची ओळख ‘पक्की’ झाली. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा फाशीवर नेली, सहाच्या सहा. त्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढं कधीतरी निघालं.

२०१९च्या ५ मार्चला त्याच सर्वोच्च न्यायालयानं आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. न्यायालयानं जे विचारलं ते कुठल्याही शेतकऱ्यानं विचारलं असतं : बाईनं आधी दाखवलेले ते चार जण कुठं आहेत? त्यांचा तपास का नाही? ही गोष्ट दाबून का ठेवली? चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये द्या, असा आदेश झाला.

आता हिशेब करू, कारण हिशेबात आपण पक्के. सोळा वर्षांचे ५ लाख म्हणजे वर्षाला ३१,२५०. दिवसाला ८५ रुपये आणि वर सुटे पैसे. ऊस खुरपायला एवढ्या रोजावर शिरूर तालुक्यात कुणी येत नाही. फाशीच्या कोठडीत बसायची मजुरी मात्र एवढीच निघाली.

पाच खुनांचे खरे आरोपी कोण, हे अजून ठरायचंय. ज्यांना ‘कायद्यानं फार लाड केले गुन्हेगारांचे’ असं वाटतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. चुकीच्या माणसाला ओळखलं की बरोबर माणूस आपोआप निर्दोष सुटतो, आणि त्यासाठी त्याला वकीलही लावावा लागत नाही.

◆

रेकॉर्डवरचे गुन्हेगार म्हणजे कोण, हेही जरा बघू. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा नंतर, जात आधी. जन्मलात म्हणजे हजेरी लावा. १९५२च्या ऑगस्टमध्ये तो रद्द झाला आणि लोक ‘विमुक्त’ झाले. कायदा गेला, पण नजर कुठं जायची? शिरूर-दौंडच्या रस्त्याकडेला पालं पडली की दुसऱ्या दिवशी गावात चर्चा सुरू : ‘कोण आहेत रे ही?’ आठ दिवसांत मोटर चोरीला गेली, तर प्रश्नच मिटतो. चोर अनोळखी, पालावरचे लोक अनोळखी, गणित सुटलं.

पोलीस नसले तर गाव स्वतःच परेड घेतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आठवडाभर फिरत होते. भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी ‘ओळखले’. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ती पाच माणसं तिथंच ठेचून मारली. त्या ओळखीला डमी नव्हते, पंच नव्हते, नायब तहसीलदार नव्हते. निकाल मात्र पंधरा वर्षं न लावता जागच्या जागी लावला.

असली बाजारातली ओळख होऊ नये म्हणून कायद्यातली ओळख शोधून काढली. ती बाजारातल्यासारखीच वागू लागली, तर फरक फक्त वेळेचा.

◆

‘पण साहेब, असे नियम लावत बसलो तर एकही गुन्हेगार अडकणार नाही.’ हा आक्षेप फौजदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा. उलट बघा. नियम न पाळल्यानं कोण सुटतं?

मुंबईत ११ जुलै २००६ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, १८०पेक्षा जास्त माणसं गेली. विशेष न्यायालयानं २०१५ साली बारा जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. बऱ्याच कारणांपैकी एक कारण ऐकून तहसील कचेरीतला कारकूनही डोक्याला हात लावेल : ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला तेव्हा ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता, असं न्यायालयाला दिसलं. शंभराहून जास्त दिवस गप्प राहिलेल्या टॅक्सीवाल्यांना चेहरे कसे आठवले, हा दुसरा प्रश्न. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका. अपिलाचं जे व्हायचं ते होईल. पण एवढ्या मोठ्या खटल्यात परेड घेणाऱ्याचा कागद कुणी तपासला नसेल, तर मोटरचोरीच्या खटल्यात काय तपासणार?

तमिळनाडूतल्या एका खून खटल्यात आरोपीच्या डोक्यावर हिरवी माकडटोपी होती आणि ओळख परेड झालीच नाही. साक्षीदारानं थेट कोर्टात बोट दाखवलं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या बोटावर विसंबायला नकार दिला आणि आरोपी सुटला. तो निर्दोष होता की दोषी, हे आता कुणालाच ठरवता येणार नाही. हा फायदा गुन्हेगारांना कायद्यानं दिला नाही. आळसानं दिला.

जगातही हाच गोंधळ, पण काही जणांनी त्यातून धडा घेतला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४ साली बलात्कार झालेल्या एका तरुणीनं गुन्हेगाराचा चेहरा मुद्दाम नीट पाठ केला होता. फोटोंतून तिनं रोनाल्ड कॉटन निवडला, मग ओळख परेडमध्येही तोच. आणि ‘फोटोतला तोच हा’ असं पोलिसांकडून कळल्यावर तिची खात्री दगडासारखी झाली. दहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढल्यावर डीएनएनं सांगितलं, तो नव्हेच. खऱ्या गुन्हेगाराला मधल्या काळात तिच्यासमोर कोर्टात उभं केलं होतं. तिनं त्याला ओळखलं नाही. डीएनएमुळं निर्दोष सुटलेल्या अमेरिकेतल्या कैद्यांची प्रकरणं तपासली, तर साधारण तीनातल्या दोघांमागं अशीच चुकीची ओळख सापडते. म्हणून न्यू जर्सी राज्यानं २००१ साली सांगून टाकलं की शक्य तिथं ओळख घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोण ते ठाऊक नसावं. ठाऊकच नसेल, तर डोळ्यानं, खाकरून, ‘नीट बघा जरा’ म्हणून इशारा देणार कसा?

याला खर्च किती? एक अधिकारी बदलायचा. शिक्रापूरच्या ऐवजी शिरूरचा. डिझेलही फार लागत नाही.

◆

सरकारनं २०२३मध्ये नवे फौजदारी कायदे केले आणि कॅमेऱ्यावर फार भर दिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. उत्तम. आरोपीच्या घरातलं कपाट उघडताना कॅमेरा चालू हवा. आणि आरोपीला ओळखताना? कलम ५४ म्हणतं, ओळखणारा साक्षीदार शरीरानं किंवा मनानं अपंग असेल तर चित्रीकरण करा, दंडाधिकारी समोर हवा. धडधाकट साक्षीदार असेल तर सक्ती नाही. म्हणजे कपाटाची आणि चार गोण्या सोयाबीनची ओळख कॅमेऱ्यावर, आणि माणसाची ओळख छापील नमुन्यावर, रिकाम्या जागा भरून.

त्याच साली सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की आरोपीला परेडला उभं राहायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. ठीक. त्याला नाही म्हणता येत नसेल, तर ती सरळ हवी एवढं तरी त्याच्या हक्कात बसावं.

आमदार-खासदार यात लक्ष घालतील, ही आशा ठेवायला हरकत नाही. रस्त्याच्या खड्ड्यांबाबतही ती आपण ठेवलेलीच आहे. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. पंच तुम्ही-आम्हीच असतो. शिक्षक, सोसायटीचे चेअरमन, निवृत्त तलाठी, पेठेतले दुकानदार. निरोप येतो, ‘अण्णा, जरा सहीला या’, आणि अण्णा चहा घेऊन सही करून येतात.

तर अण्णा, पुढच्या वेळी सहीआधी चार गोष्टी विचारा. साक्षीदारानं याचा फोटो मोबाईलवर किंवा पेपरात पाहिलाय का, हे त्यालाच विचारून लिहून घेतलंय का? ‘तो यात नसेलही, नसेल तर नाही म्हणा’ असं त्याला कुणी सांगितलं का? साक्षीदारानं पहिल्यांदा उच्चारलेले शब्द जसेच्या तसे उतरवले, की ‘ताबडतोब व खात्रीपूर्वक ओळखले’ हे वाक्य आधीच टाईप होऊन आलंय? आणि त्यानं भलत्याच माणसाच्या, एखाद्या डमीच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो कागद फाईलमध्ये लागणार की फाईलच बदलणार?

साहेब वैतागतील. चहा थंड होईल. पुन्हा बहुधा तुम्हाला बोलावणारही नाहीत. नाशिकच्या त्या सहा जणांच्या कागदांवरही पंचांच्या सह्या होत्याच. अक्षर अगदी वळणदार असेल.